एकेचाळीस जणींची एकच आई

गुरुजी, आधी आवाज येतो आणि मागून तुम्ही येता. ओल्या पिठावर तळहात पडल्याचा आवाज. धप् धप्, धप् धप्, मग काठवटीत भाकरी जराशी फिरवल्याची सरसर, की पुन्हा धप् धप्. साठ वर्षं तरी झाली असतील. तुम्ही चुलीपुढं उकिडवे बसला आहात, बाह्या कोपराच्या वर सारलेल्या, कपाळाला पिठाचं बोट लागलेलं, आणि मी उंबऱ्यात, एक पाय आत, एक बाहेर. वर्गात त्या दिवशी शिकवलेली कविता म्हणत तुम्ही भाकरी थापता आहात. आठ थापांत एक ओळ पुरी होते, भाकरी फिरवता तेव्हा श्वास, मग दुसरी ओळ. "मात्रा बोटावर मोजून येत नसतात रे," तुम्ही म्हणता, "हाताला कळाय पाहिजेत. चुकल्या तर भाकरीच सांगते, कडेला चिरते बघ." मग मला काठवटीपुढं बसवता. माझी भाकरी कडेला चिरतेच. तुम्ही ती तशीच तव्यावर टाकता, पाणी फिरवता आणि म्हणता, "चिरली तरी तुझी हाय. खा आता."

चाकूरकडून आत वळणाऱ्या कच्च्या रस्त्यावर आपलं गाव. तुम्ही बदलून आलात तेव्हा तुमचं वय पंचवीस-सव्वीस असेल, दीक्षा घेऊन दहा वर्षंही झाली नव्हती. गावानं तुम्हाला ओढ्यापलीकडं, वस्तीच्या टोकाला खोली दिली. दिली म्हणजे, तिकडंच मिळेल असं सांगितलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांची पत्र्याची पेटी, कोपऱ्यात चूल. बायको-मुलं नांदेडला. गावात तुमच्याबद्दल दोन गोष्टी बोलल्या जायच्या. एक सगळ्यांना माहीत असलेली, जी कुणी मोठ्यानं म्हणायचं नाही पण पाण्याचा तांब्या देताना हातांना आठवायची. दुसरी मोठ्यानं बोलायची. मास्तर बाईगत भाकरी थापतो म्हणून बायका पदराआड हसायच्या.

आणि वर्गातला तो तुमचा रिवाज. कविता एकदा वाचायची, कुणी काही बोलायचं नाही, मग पहिल्या रांगेपासून एकेकाला उभं करून एवढंच विचारायचं: "तुला काय ऐकू आलं?" अट एकच, आधीच्यानं सांगितलेलं पुन्हा सांगायचं नाही. आम्ही सगळे एका सुरात ओरडायला शिकलेले. पाढे एका सुरात, प्रार्थना एका सुरात, उत्तरंही एका सुरात. तुम्ही हात वर करून थांबवायचात. "असं नको. सगळे मिळून बोललात की मला कुणीच ऐकू येत न्हाई." मी उंच म्हणून शेवटच्या रांगेत. माझ्यापर्यंत येईस्तोवर पाखरं संपलेली, वारा संपलेला, बैलांच्या घुंगरांवर तर पहिल्या दोन रांगाच हात मारायच्या. मला उरायचं ते कुणी न घेतलेलं, म्हणून मी दुपारभर कान लावून हिंडायचो. माझं सगळं स्वप्नाळूपण त्या शेवटच्या रांगेत जन्मलं असं मला वाटतं. एकदा कोष्ट्याच्या पोरानं उठून सांगितलं, "गुर्जी, मला भूक ऐकू आली." सगळा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. त्याच्या शेजारी बाकावर बसलात आणि म्हणालात, "ह्यानं नीट ऐकलं. कवितेत भाकर हाय, पण ती कुणी खाल्लेली न्हाई. पुन्हा वाचा." आम्ही पुन्हा वाचली. खरंच, कुणीच खाल्लेली नव्हती.

मी तुमच्याकडं भाकरी खातो हे गावाला कळायला फार दिवस लागले नाहीत. एका संध्याकाळी पारावर बोलावणं आलं. वडील आधीच तिथं होते, मुंडासं काढून हातात धरलेलं. गावातल्या सात-आठ मोठ्या माणसांत मी उभा.

"काय रं, मास्तरच्या घरी भाकर खाल्लीस म्हणं?"

"न्हाई जी."

"मंग काय करायला जातूस?"

"कविता पाठ कराय."

"कविता वट्ट्यावर बसून पाठ होत न्हाई व्हय? समद्या गावाची पोरं करत्यात तशी कर की. तुलाच काय येगळं सोनं लागलंय?"

कुणीतरी हसलं. वडिलांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा म्हणालो, न विचारता, "म्या खाल्ली न्हाई." माझ्या दातांत तेव्हा तुमच्याकडच्या शेंगाचटणीचा कण अडकलेला होता. जिभेनं तो मी चाचपत होतो आणि खाल्ली नाही म्हणून सांगत होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात तुम्ही एका शब्दानं काही विचारलं नाहीत. कविता वाचलीत, रांग फिरत माझ्यापर्यंत आली, आणि माझ्याजवळ काही नव्हतं. मी पुढच्यानं सांगितलेलं तेच सांगितलं. पहिल्यांदा. "हे झालं," तुम्ही म्हणालात. "तुझं सांग." माझं काही निघालं नाही. तुम्ही "बस" म्हणालात. तुम्ही मला कधी मारलं नाहीत, पण तो "बस" अजून मला लातूरच्या रस्त्यात कुठंही गाठतो, भाजी घेताना, औषधाच्या दुकानात, आणि मी खरोखर जागच्या जागी थांबतो.

पुढं मी तुमच्यासारखाच मास्तर झालो, मराठीचा, लातुरात. पोरं मला "सर" म्हणायची. तुमचा रिवाज मी काही वर्षं चालवलाही. मग निकालाचे दिवस आले. आपल्या ह्या जिल्ह्याचं नाव परीक्षेमुळं राज्यभर झालं, लोक लांबून पोरं आणून इथं ठेवू लागले, आणि एका क्लासवाल्यांनी मला दहावीच्या मराठीच्या नोट्स लिहायला सांगितलं. रसग्रहणाचा प्रश्न पोरांना अवघड जायचा. कविता वाचून स्वतःला काय वाटलं ते लिहा म्हटलं की पोरं पेन चावत बसायची. मी एक उत्तर लिहून दिलं, कुठल्याही कवितेला चालेल असं. नदी असो, पाऊस असो, सीमेवरचा शिपाई असो. त्यात आशय, भाषा, यमक यांची वाक्यं होतीच, पण शेवटचा परिच्छेद माझ्या जिवातला होता: "ही कविता वाचताना मला भाकरीची थाप ऐकू येते. आठ थापांनंतर माझी आई श्वास घेते, तशीच कवितेची ओळ थांबते. चिरलेली भाकरीही ती माझ्याच ताटात वाढते, कारण ती मी थापलेली असते."

आई. कच्च्या खर्ड्यात तिथं तुम्ही होता. क्लासच्या मालकांनी वाचून नाक मुरडलं आणि म्हणाले, "सर भाकरी थापतेत? पोरं हसतील हो. आई करून टाका. आईला तपासणाराबी मार्क कापत न्हाई." म्हणून मी आई केली. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो आहे. माझी सख्खी आई भाकरी करायची ती घाईनं, आठ माणसांची, धाकट्याला रट्टा देत आणि जावेशी भांडत. तिच्या हाताखाली मला कधी ओळ ऐकू आली नाही, आणि मी थापलेली भाकरी तिनं कधी पाहिली असती तर मला चुलीपुढून हाकललंच असतं.

आता मी निवृत्त होऊनही किती वर्षं झाली. बायको गेली, मुलगी उदगीरला, डबा लावलेला आहे. क्लास मालकांच्या मुलाकडं आला, तो माझाच विद्यार्थी. तो मला सराव परीक्षांचे मराठीचे गठ्ठे घरी पाठवतो. तुम्ही आज हे शहर पाहिलंत तर ओळखणार नाही गुरुजी. सकाळी सहाला आमच्या गल्लीतून एका रंगाचे सदरे घातलेली शेकडो पोरं-पोरी एका दिशेनं जातात, कुणी बोलत नाही, ओठ मात्र हलत असतात. वसतिगृहांच्या घंटा एकदम होतात. चौकाचौकांत फलकांवर चेहऱ्यांच्या ओळी असतात, सगळे एकाच रंगाच्या पडद्यापुढं काढलेले, आणि दर वर्षी चेहरे बदलले तरी हसणं तेच राहतं. पोरींना तिथं बैठक क्रमांकानं हाक मारतात. शंका विचारायला वेगळी खिडकी आहे, पण खिडकीवरच यादी लावलेली आहे, कुठल्या धड्यावर कुठल्या शंका येतात त्याची, उत्तरांसकट. तुमची शंका यादीत नसली तर ती शंका नव्हे. मोठ्या हॉलमध्ये भिंतभर अक्षरांत लिहिलंय: "विचारात वेळ घालवू नका." कुणी जबरदस्ती करत नाही हो. आईबाप जमीन विकायला निघतात इथं पाठवायला, पोरंही आनंदानं येतात. आपल्या गावच्या पारावर निदान सात-आठ म्हातारे तरी लागायचे. इथं तेवढेही लागत नाहीत.

आणि त्या सगळ्यांची एकच आई आहे. गेल्या बुधवारी गठ्ठा आला, मुलींच्या एका बॅचचा, बेचाळीस उत्तरपत्रिका. नदीवरची कविता होती. पहिल्या पेपरात भाकरीची थाप. दुसऱ्यात थाप. ज्या पोरीचा बाप परभणीला बेकरी चालवतो तिच्याही पेपरात थाप. आठ थापा, मग श्वास, मग ओळ थांबते, मग चिरलेली भाकरी. त्यातल्या कितींच्या आया नोकरीला जातात, कितींच्या घरी भाकरी होत नाही, दोघी-तिघींच्या तर आया हयात नसतील. आता आणखी एक झालंय. ज्यांनी तो परिच्छेद माझ्यापुढं बसून पाठ केला त्यांच्या पोरी तो पाठ करतात. आईनंही तीच आई लिहिली, लेकीनंही तीच. मी गठ्ठा उघडला की आवाज सुरू होतो. गंमत म्हणून सांगत नाही. कागद उलटतो तसा धप् धप् येतो, एका काठवटीतून नाही, चाळीस काठवटींतून, एका सुरात. कधी दुपारी डुलकी लागली तर ती बाई दिसते. पाठमोरी बसलेली असते, हात चालू असतात. मी पुढं जाऊन बघतो तर तिला चेहराच नाही. मी दिलाच नव्हता, तर कुठून येणार? चेहरा दिला असता तर तो तुमचा झाला असता.

बेचाळिसावा पेपर वेगळा होता. बैठक क्रमांक एकशे सतरा. तिनं लिहिलं होतं, आणि मी शब्द न बदलता उतरवतो: "मला कवितेत भाकरीची थाप ऐकू आली नाही. कवितेतली नदी कुणाला न विचारता वाहते. आमची नदी भोंगा झाल्यावर वाहते. आमचे घर विष्णुपुरीला धरणाच्या खालच्या बाजूला आहे. भोंगा झाला की माझी आई ओले धुणे तसेच उचलून पळत वर येते. मग पाणी येते. ह्या कवीने नदी पाहिली आहे पण तो नदीपासून कधी पळालेला नाही असे मला वाटते. म्हणून कविता छान आहे पण मला पूर्ण खरी वाटली नाही." संपलं. ना आशयसौंदर्य, ना भाषिक वैशिष्ट्यं, ना यमक. तपासणीच्या तक्त्यात बसणारं एकही वाक्य नाही. मी चारांपैकी एक गुण दिला. गुरुजी, मी तो पेपर वाचला, मला कळलं की गेल्या तीस वर्षांत मी असं काही वाचलेलं नाही, आणि माझ्या हातानं तरीही एक लिहिला. तोसुद्धा अक्षर चांगलं म्हणून.

काल मालकांच्या त्या मुलाचा, आताच्या संचालकाचा, फोन आला; गुण मी कळवले होते आणि तिनं काय लिहिलं ते तिच्या बॅचमधूनच त्याच्या कानावर गेलं होतं. "सर, एकशे सतराचं बघितलं का? पहिल्या बॅचची पोरगी हाय. सगळ्या विषयांत पुढं, अन् मराठीत एक?"

"बघितलं."

"गुणांचं जाऊ द्या, ती चौथ्या बॅचला जाईल, नियमच हाय. मला दुसरंच पाहिजे. तुम्ही त्या उत्तरावर लाल शाईनं शेरा लिहून द्या, सविस्तर, की असं लिहिणं कसं चूक हाय. सोमवारी हॉलमध्ये तिला उभं करून वाचून दाखवतो. एकीनं असं सुरू केलं की चार जणी करतात, सर."

"तिनं स्वतःला वाटलं ते लिहिलंय," मी म्हणालो. "प्रश्नच तसा आहे."

तो हसला. लहानपणापासून तो असाच हसतो, प्रेमानं. "वाटलेलंच लिहायचं हाय, पण नोट्समधलं वाटलेलं. तुम्हीच तर शिकवलं सर. मी स्वतः तुमची ती आई लिहून बोर्डात आलो. अजून डोळ्यांत पाणी येतं बघा. उद्या चार वाजता ऑफिसचा माणूस पाठवतो, शेरा तेवढा लिहून ठेवा."

आज रविवार. सकाळपासून लाल पेन समोर आहे. शेरा लिहिला की ती पोर सगळ्यांसमोर उभी राहणार, आणि तिच्याकडून म्हणवून घेणार की ऐकू आली, मला थाप ऐकू आली. ती म्हणेलही. पंधरा वर्षांची आहे. मी तर तेव्हा तिच्याहून लहान होतो, पण पारावर उभं राहिलं की वयानं काही फरक पडत नाही. न लिहावा तर क्लासला दुसरा तपासणारा दहा मिनिटांत मिळेल. म्हणून पेन उचललं आणि शेऱ्याऐवजी तुम्हालाच लिहीत बसलो.

तो भोंगा मी ऐकलेला आहे गुरुजी, तुमच्या शेजारी बसून. नोट्सची पहिली छापील प्रत घेऊन मी नांदेडला आलो होतो. तुम्ही लेकीकडं राहत होता, विष्णुपुरीच्या वाटेवर. डोळे गेले होते. मला वाटलं तुम्हाला अभिमान वाटेल. मी तो परिच्छेद वाचून दाखवला, आठ थापांचा, चिरलेल्या भाकरीचा. तुमचा उजवा हात सतरंजीवर हलत होता, थापा मोजत होता, आणि आई आली तिथं थांबला. मी वाचून संपवलं. मग विचारलंत, अगदी साधेपणानं, जसं दारात आलेल्या अनोळखी माणसाबद्दल विचारावं तसं: "ही बाई कोण रे?"

मी मालकांचं कारण सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात लांबून भोंगा झाला. "दरवाजे उघडतेत," तुम्ही म्हणालात आणि हात वर केलात, वर्गात करायचात तसा. "काय ऐकू आलं?"

"भोंगा, गुरुजी."

"आणिक?"

"आणिक काही नाही."

"मला माणसं उठताना ऐकू येतेत. नदीच्या कडेची. हातातलं टाकून उठतेत बघ." आणि तुम्ही चेहरा खिडकीकडं केलात. मी तेव्हा मनात म्हटलं, म्हातारपण आहे. बुधवारी एकशे सतरा क्रमांकाचा पेपर वर ठेवून मी गठ्ठा बांधणार होतो, तेव्हा मला तुमचं हे वाक्य आठवलं. गुण तोवर देऊन झाला होता.

निघताना तुमच्या लेकीनं काठवट आणून माझ्यापुढं ठेवली. "बाबांनी तुमच्यासाठी ठेवायला सांगितलीय, दादा. आमच्याकडं आता पोळ्याच होतात." कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, मधोमध तुमच्या तळहातानं पाडलेला खोलगटपणा. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. मला दोन दिवसांनी कळलं. मी आलो नाही. पेपर तपासायचे आहेत असं मी घरात सांगितलं, आणि तेव्हा खरोखर होतेही, पण तसे ते नेहमीच असतात. तुमच्या काठवटीत मी एवढी वर्षं उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवत आलो. आकार नेमका बसतो. आताही एकेचाळीस पेपर तिच्यात आहेत आणि एक माझ्या पुढ्यात.

एक सांगायचं राहिलं. तेवढ्यासाठी ही पानं भरली असतील. मालकांनी मला आई करायला सांगितलं नव्हतं. सर भाकरी थापतेत का, पोरं हसतील, हे सगळं मी नंतर रचलेलं संभाषण आहे, आणि इतक्या वेळा सांगितलं की त्यांचा आवाजही मला स्पष्ट ऐकू येतो. त्यांनी तो कागद पाहिला तेव्हा त्यावर आईच होती. कच्च्या खर्ड्यातही तुम्ही नव्हता. मी लिहायला बसलो, "माझे गुरुजी" एवढे दोन शब्द डोक्यात आले, आणि लगेच त्यामागून आलं की कुणीतरी विचारणार, कुठले गुरुजी, कुठल्या वस्तीतले, तुम्ही त्यांच्या घरी जेवत होता का. कुणी विचारलं नसतंही. पार केव्हाच मोडून पडला होता, तिथं आता पाण्याची टाकी आहे. तरी मी उत्तर आधीच देऊन टाकलं. म्या खाल्ली न्हाई.

चार वाजायला आले आहेत. दाराची कडी वाजली, क्लासचा माणूस असेल. उघडून येतो.

तो नव्हता. क्लासच्या रंगाचा सदरा घातलेली एक मुलगी होती, सडपातळ, दोन वेण्या, हातात नवी वही. ती आत बसून पाणी पिते आहे, तोवर एवढं लिहितो. म्हणाली, "मी एकशे सतरा. रविवारचा दोन तासांचा पास काढलाय, वही आणायच्या नावानं." मला वाटलं गुणांसाठी आली. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "मार्क वाढवा म्हणाय न्हाई आले, सर. चौथ्या बॅचला बी पोरी शिकतेतच की."

"मग?"

"आमच्या बॅचमधल्या एकेचाळीस जणींनी एकच आई लिहिली. मी सगळ्यांना विचारलं, ही कुणाची आई हाय? कुणालाच माहीत न्हाई. खिडकीवर विचारलं तर म्हणले, ही शंका यादीत न्हाई. मेसच्या मावशी म्हणल्या, त्या नोट्स तुम्ही लिहिल्या, अन् त्या सोता दहावीला व्हत्या तवा बी हीच आई व्हती." तिनं वही दुसऱ्या हातात घेतली. "भाकर चिरली तरी पोराच्याच ताटात वाढती, ते मला लई आवडलं सर. म्हणून मला ते आपलं म्हणून लिहवंना. ते कुणाचं तरी खरं हाय. कोण व्हती ती?"

गल्लीच्या तोंडाशी क्लासची मोटारसायकल थांबल्याचा आवाज येतो आहे. तिचा पेपर मी घडी करून माझ्या खिशात घातला आहे. काठवटीतला गठ्ठा खाली जमिनीवर ठेवला. डब्यात ज्वारीचं पीठ आहे का पाहिलं, थोडं आहे, उदगीरची लेक आली होती तेव्हाचं. माझी भाकरी कडेला चिरणार, त्याला इलाज नाही. मी तिला म्हणालो, "ती आई नव्हती."